पेडगावचा गारपगारी

रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. "येत्या अठ्ठेचाळीस तासांत मराठवाड्यात एखाद्या ठिकाणी वादळी वाऱ्यासह गारपीट होण्याची शक्यता आहे," असं त्या बाई गोड आवाजात सांगतात आणि लगेच विदर्भाकडे वळतात. बाई, त्या एखाद्या ठिकाणाचं नाव काय, असं त्यांना कोणी विचारत नाही. मला मात्र हा प्रश्न रोज विचारणारा एक माणूस भेटला होता, आणि बहुतेक वेळा उत्तरही तोच देऊन जायचा.

त्याचं नाव भिवानाथ. दुसऱ्या लढाईला अजून तोंड फुटायचं होतं तेव्हाची गोष्ट. निजामाच्या राज्यात परभणी आणि मानवत रोडच्या मधे पेडगाव हे लहानसं ठेसन, आणि तिथे मी तारबाबू. शिक्षण झालं उर्दूत, तार वाजायची इंग्रजीत आणि गावाशी बोलायचं मराठीत. तीन भाषा आणि खिशात एक घड्याळ, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला जबरदस्त शहाणा समजत असे. गाव मला 'मास्तर' म्हणायचं आणि मीही मास्तरासारखाच वागायचो, म्हणजे न विचारता शिकवायचो.

फाल्गुन लागला होता. एक दिवस सकाळी खिडकीशी सावली पडली. पाहतो तर काळाकभिन्न, ताडमाड उंच माणूस. कानात शिंगाच्या मुद्रा, खांद्यावर घोंगडी, हातात त्रिशूल. भिक्षेकरी समजून मी "पुढे जा" म्हणालो.

"पुढं जायला कामून लावता? तुमच्याकडंच आलोय," तो म्हणाला. "मास्तर, काय मनायलीय आज तार?"

"कसली तार?"

"आभाळाची. हितून जाती मनं रोज."

हे खरं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी रोज सकाळी हवामानाची लांबलचक तार आमच्या मार्गावरून पुढे हैदराबादकडे जायची. ती पेडगावसाठी नसायची. आमच्यासारख्या चिल्लर ठेसनाला कोण विचारतो! पण सगळी ठेसनं एकाच तारेवर. दुसऱ्यासाठी चाललेली कटकट आपल्या यंत्रावरही वाजते, आणि कान दिला की सगळं कळतं. मी रिकामपणी ऐकायचो आणि कुठल्यातरी गँगमनपाशी ज्ञान पाजळायचो. ते फिरत फिरत या बुवापर्यंत पोचलं होतं.

भिवानाथ पेडगावचा गारपगारी होता. हा शब्द आता नव्या पोरांना माहीत नाही. पिकावर गार पडू नये म्हणून ती मंत्राने बांधून ठेवायची, हे या नाथपंथी लोकांचं पिढीजात काम. गार येईलसं वाटलं की गारपगाऱ्याने मारुतीपुढे त्रिशूल रोवायचा आणि ढग डोक्यावर आला की उघड्या अंगाने त्याच्यासमोर उभं राहायचं. त्याबद्दल गावातल्या प्रत्येक खळ्यावरचं पहिलं सूपभर धान्य त्याचं. मी हे ऐकलं तेव्हा मनसोक्त हसलो होतो. नंतर हसू आवरावं लागलं.

कारण त्या पहिल्याच दिवशी मी त्याला तार वाचून दाखवली. काश्मिरात बर्फ, दिल्लीकडे धुळीची वादळं, बंगाल्यात संध्याकाळी झोडपणारा वारा, सिंधमध्ये ऊन, आणि दख्खनमध्ये एखाद्या ठिकाणी गडगडाट. तो डोळे मिटून ऐकत होता. एवढ्या मोठ्या मुलखात एकाच दिवशी एवढं काही घडतंय आणि ते कोणीतरी एका जागी बसून सांगतंय, याचं त्याला विलक्षण नवल वाटलं. त्याने हात जोडले, कोणाला ते त्यालाच ठाऊक. मग डोळे उघडून म्हणाला, "समदं लिवलं, पन त्या एकाद्या ठिकानाचं नाव न्हाई लिवलं?"

"ते त्यांना कसं कळणार?"

"मंग इच्यारावं की इथल्याला." त्याने मान वर करून आभाळाचा वास घेतल्यासारखं केलं. "झरीचा शिवार. सांजच्या आत."

झरी आमच्यापासून बऱ्यापैकी लांब. दुसऱ्या दिवशी झरीहून आलेल्या गाडीवानाला मी सहज विचारलं. काल दिवस बुडायच्या आधी वीज पडली आणि कडब्याची गंजी जळाली म्हणाला. मी खिशातलं घड्याळ काढून पुन्हा आत ठेवलं. का काढलं होतं ते मला सांगता येत नाही.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. तार ऐकायची, आभाळ बघायचं आणि दोन्हींचा मेळ घालत बसायचं, असा त्याचा नेम. मालधक्क्याच्या मागे मी त्याला एकदा चुन्याने हिंदुस्थानचा नकाशा काढून दिला. मला वाटलं, चार दिवसांची हौस असेल. हा गडी रोज तारेप्रमाणे त्यावर खडे मांडायचा. ढगाला काळा खडा, धुळीला विटेचा तुकडा, उन्हाला खापरी. आदल्या दिवसाचे खडे उचलायचा नाही, नुसते उलटे करून ठेवायचा. महिन्याभरात त्याला जे दिसलं ते मला, मॅट्रिक झालेल्याला, सात जन्मांत दिसलं नसतं.

"मास्तर, ह्ये बगा. पूर्वेचं वारं वलं, समुद्राचं. पच्छिमेचं वारं कोरडं आन गार. येकलं आलं तर कायबी करत न्हाई. दोगांची गाठ पडली की भांडन. आन गाठ पडायला जागा कंची, तर आपलं डोस्कं."

त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी त्या खड्यांकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहत राहिलो. मला, खरं सांगतो, त्याची भीती वाटली. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाटते तशी.

त्याच्या बोलण्यात एक लकब होती. पाऊस 'येईल', वावटळ 'येईल' असं तो कधीच म्हणायचा नाही. 'निघालीय' म्हणायचा. मी विचारलं तर म्हणाला, "तुमची गाडी मानवत रोडवरून सुटली की तुमाला कळतं का न्हाई? दिसत न्हाई तरीबी मनता गाडी निघाली. तसंच हाय."

घोंगडीच्या टोकाला तो खड्यामिठाची पुरचुंडी बांधून ठेवायचा. मीठ पाझरलं की पूर्वेचं वारं पोचलं म्हणायचा. ढगाच्या डोक्याकडे बघायचा नाही, बुडाकडे बघायचा. बूड हिरवट दिसलं आणि आतून जात्यासारखी न थांबता घरघर आली, तर ती गार. नुसता गडगडाट असला तर "त्यो बडबड्या हाय, जाऊ द्या त्याला." त्याची बायको तुळसा ठेसनावर भाकरी घेऊन यायची आणि हा मान वर करून बसलेला दिसला की म्हणायची, "आभाळच जेवून घेत असाल तर भाकर वापस नेते." मग मात्र तो मुकाट्याने जेवायचा.

तो चुकायचाही. आणि चुकला की त्याचं काय करायचं हेही त्याला माहीत होतं. एकदा वैशाखात त्याने एका लग्नाचा मांडव वावटळ निघालीय म्हणून सोडायला लावला. तासाभराचं काम, पण मुहूर्त टळला. वावटळ आलीच नाही. नवऱ्याकडचे लोक हमरीतुमरीवर आले. भिवानाथ सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "निघाली व्हती, पावनं. वाटंत उतरली आसंल." वऱ्हाडातला एक म्हातारा हसला आणि मग सगळेच हसले. दुसऱ्या दिवशी मात्र हा दिवसभर नकाशापाशी बसून आपण कुठे चुकलो ते शोधत होता. खडे मांडायचा, मोडायचा. मी चहा दिला तर प्याला नाही.

धीर करून एकदा मी विचारलं, "नाथबुवा, गार खरंच थांबते का हो तुमच्यानं?"

रागावेल असं वाटलं होतं. त्याने हातातला खडा खाली ठेवला. मग म्हणाला, "बाप मनायचा थांबती. त्याला त्याच्या बापानं सांगितलं. म्या उभा ऱ्हायलो तव्हा कधी सरकलेली बगितली, कधी न्हाई. थांबलेली बगितली न्हाई." आणि आवाज खाली आणून, "ह्ये गावात बोलू नका."

मी कुठे बोललो नाही. पण पुढच्याच वर्षी त्याच्यावर ते स्वतः बोलायची वेळ आली.

त्या साली ज्वारी अशी आली होती की माणूस शेतात शिरला तर दिसायचा नाही. काढणी होऊन कणसं खुडून सगळी खळ्यांवर आली होती. मळणीला दोन-चार दिवस होते. मन्मथअप्पांचं खळं सगळ्यांत मोठं. अप्पा लिंगायत, गावातले मोठे जमीनदार, कपाळाला भस्म, आवाज असा की मालधक्क्यावर बोलले तर फलाटावर ऐकू यावं. पश्चिमेला ढग दिसायला लागले तसे अप्पांनीच भिवानाथाला बोलावलं. रीतीप्रमाणे त्याने मारुतीपुढे त्रिशूल रोवला.

आता यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. त्रिशूल रोवला की ढग ओसरेपर्यंत गावात कोणी खळ्यावरचं एक कणीस उचलायचं नाही. झाकायचंही नाही. उचललं तर नाथावर विश्वास नाही असं होतं आणि बांधलेली गार सुटते, असा समज. आणि खुद्द नाथानेच कणीस उचललं तर त्याच्या घराण्याचा मानपान, खळ्यावरचं सूप, सगळं कायमचं संपलं. म्हणजे पीक वाचवण्यासाठी जे करायचं, त्याच्यामुळेच पीक उघड्यावर राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी आला. मी तार वाचली. दख्खनमध्ये एखाद्या ठिकाणी गडगडाटी पाऊस, वारा. आज तो नेहमीसारखं त्या ठिकाणाचं नाव विचारेना.

"गार लिवलीय का?"

"नाही."

त्याने पुरचुंडी सोडून दाखवली. मिठाचं पाणी झालं होतं. "उद्या दुपारनंतर. यंदाचं त्ये एकादं ठिकान मंजी आपन हावोत, मास्तर. आन आख्खं गाव खळ्यावर उघडं पडलंय. मपल्या तिरसुळापायी."

त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला क्षणभर अभिमानही वाटला.

"मी गावात येऊन सांगतो," मी म्हणालो, "तारेत गारा आल्यात, रास उचला असा हुकूम आहे. सरकारी कागदाला सगळे भितात. मुकाट्यानं उचलतील. तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, तुमचा मान राहील."

"पन तारंत न्हाई ना?"

"नाही. पण कळणार कोणाला?"

"तुमाला कळंल. मला कळंल." तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. "समजा, उद्या गार न्हाई पडली. लोक मनतील, तार खोटी. मंग पुढं कंच्या तरी साली ती खरी गार सांगंल तव्हा कोन ऐकंल? मपलं काय, म्या बुडालो तर येक भिवानाथ बुडाला. ती तार समद्या मुलखाची हाय. तिला बट्टा नगं."

मी तारेच्या पगारावर जगणारा. तारेची अब्रू मी विकायला निघालो होतो आणि ती राखली या माणसाने. मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

दुपारी मारुतीपुढे गाव जमलं. मी ठेसन पॉइंट्समनच्या हवाली करून गेलो होतो. भिवानाथ आला, मारुतीला दंडवत घातला आणि रोवलेला त्रिशूल दोन्ही हातांनी उपसून देवाच्या पायाशी आडवा ठेवला. लोकांत एकदम कुजबुज झाली.

"नाथा, ह्ये काय करायलास?" अप्पा ओरडले.

"आप्पा, गार निघालीय. लय मोठी हाय. मपल्यानं बांधनं व्हनार न्हाई. राशी उचला, घरात न्या."

"तुझ्या बापानं आसं कधी केलं न्हाई!"

"बापाला येवढं आधी कळत नव्हतं. मला कळायलंय, मंग गप कसा बसू?"

कोणी जागचं हललं नाही. नाथ स्वतःच नाही म्हणतो म्हटल्यावर काय करायचं, हे कोणालाच शिकवलेलं नव्हतं. मागून एकजण म्हणाला, पिऊन आला असंल. भिवानाथाने ते ऐकलं आणि काही न बोलता अप्पांच्या खळ्याकडे चालू लागला. अप्पा मागे, गाव त्याच्या मागे.

खळ्यावर पोचल्यावर त्याने खांद्यावरची घोंगडी पसरली.

"भिवानाथा," अप्पांचा आवाज खाली आला होता, "तू उचललंस तर तुझ्या घरान्याचं समदं गेलं. पोरांचंबी. कळतंय का तुला?"

"कळतंय, आप्पा."

तो गुडघ्यावर बसला आणि ओंजळीने कणसं घोंगडीत भरू लागला. भरतानाचा आवाज तेवढा येत होता. मी आयुष्यात मोठमोठे साहेब पाहिले, निजामाची खास गाडी जाताना फलाटावर ताठ उभा राहिलो, पण माझी मान आपोआप खाली गेली ती त्या खळ्यावर. तेवढ्यात गर्दीतून तुळसा पुढे आली. तिच्या डोक्यावर रिकामी पाटी होती. नवऱ्याकडे पाहिलंही नाही तिने. पाटी खाली ठेवली आणि भरायला लागली.

मग अप्पांनी डोक्याचा पटका काढून कमरेला गुंडाळला आणि गड्याला ओरडून सांगितलं, "गाड्या जुप! बगत काय ऱ्हायलास!"

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेडगावच्या वाटा गाड्यांनी भरून गेल्या होत्या. ज्याच्या घरात जागा नव्हती त्याची कणसं अप्पांच्या ओसरीत गेली. मालधक्क्यावरचं गोदाम मी कोणाला न विचारता उघडून दिलं आणि त्याबद्दल पुढे माझी जाबजबानीही झाली. भिवानाथ सगळ्यांची ओझी उचलत होता, पण त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. उद्या ऊन पडलं तर हा माणूस गावाचा कोणीच राहणार नव्हता, आणि गार पडली तरी गारपगारी राहणार नव्हता. त्याच्या तोंडावर यातलं काहीही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीनची मालगाडी गेली आणि पश्चिमेकडून ढग उठला. त्याचं बूड शेवाळासारखं हिरवं होतं. वारा पडला. मग ती घरघर ऐकू आली, तशीच, न थांबणारी. मी आत पळालो आणि पुढच्या ठेसनाला गारेची खबर घाईघाईने वाजवली. पहिली गार फलाटावर पडली ती लिंबाएवढी होती. पाठोपाठ आवाज असा झाला की स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येईना. पत्रे ठोकले जात होते, कडुनिंब सोलला जात होता, समोरचे रूळ पांढऱ्याखाली गेले. पण पेडगावच्या एकाही खळ्यावर एक कणीस नव्हतं. मला रडू आलं ते आनंदाने की धास्तीने, कोण जाणे.

नंतर गावाने त्याला सूप देऊ केलं. अप्पा स्वतः गेले होते. "गार थांबवायचं दान व्हतं त्ये," तो म्हणाला, "म्या कुटं थांबवली?" आणि त्याने घेतलं नाही. चैत्रात माझी बदली झाली. पुढे निजामाचं राज्य गेलं, ठेसनावरचे बोर्ड बदलले, मी परभणीत घर केलं, पण पेडगावला जाणं काही झालं नाही. गेलेल्या एकाने सांगितलं, तो अप्पांकडे सालगडी म्हणून राबायचा आणि गाव त्याला विचारल्याशिवाय खळं करत नसे.

पण मी त्याला शेवटचा पाहिला तो गारेच्या त्या दिवशीच. त्यानंतर तो खिडकीशी आला नाही, माझी-त्याची भेट झाली नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. मी तारघराच्या दारात होतो. रुळांच्या पलीकडे अप्पांचा विहिरीवरचा गहू, अजून हिरवट, कापणीला आठवडा असलेला. त्याच्या बांधावर कोणीतरी उभं दिसलं. उघडं अंग, रिकामे हात, तोंड वर. गारा खांद्यावर, कपाळावर आदळत होत्या आणि तो दोन्ही हात पसरून उभा होता.

वाऱ्याने जरा उसंत घेतली तसा मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "नाथबुवा, आत या! सगळी ज्वारी आत गेलीय, आता तुम्ही कोणासाठी उभे आहात?"

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"गहू भाईर हाय की, मास्तर! त्याला कोन आत नेनार?"

गारा थांबेपर्यंत तो बांधावरून हलला नाही. मीही दारातून हललो नाही.